वळताना पिकअप अडखळते, स्टेअरिंग जड होते: कोरड्या डांबरावर फोर-एच राहून गेल्यास काय तपासावे

लक्षणे

सरळ रस्त्यावर बिनतक्रार धावणारी फोर बाय फोर पिकअप सोसायटीच्या पोडियमचा रॅम्प चढताना, पेट्रोल पंपात वळताना किंवा सिग्नलला यू-टर्न घेताना अडखळू लागते, ही या तक्रारीची पहिली खूण आहे. स्टेअरिंग जड होते आणि वळण पूर्ण होण्याआधीच हातातून सरळ होऊ पाहते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच कोणी ब्रेक दाबल्याप्रमाणे गाडी जागच्या जागी थांबते, आणि किंचित उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली तरी घरंगळत नाही. स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी हळू पुढे घेतल्यास टायर घासतात, सुटतात, पुन्हा घासतात. प्रत्येक सुटण्याबरोबर सगळ्या गाडीला धक्का बसतो आणि खालून दबका ‘धप्प’ असा आवाज येतो. पार्किंगच्या काँक्रीटवर टायरचे काळे, तुटक कमानदार ओरखडे उमटलेले दिसले, तर निदान जवळजवळ झाल्यातच जमा आहे.

दुसरी खूण डॅशबोर्डवर दिसते. फोर-व्हील-ड्राइव्ह लावण्या-काढण्याचा नॉब टू-एचवर, म्हणजे फक्त मागची चाके चालवणाऱ्या नेहमीच्या स्थितीवर, आणला तरी फोर-व्हील-ड्राइव्हचा दिवा विझत नाही किंवा लुकलुकत राहतो. नॉबऐवजी लिव्हर असलेल्या गाडीत लिव्हर फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या स्थितीत, असा अडकून बसतो की दोन्ही हातांनी ओढूनही हलत नाही. अशा अवस्थेत बरेच अंतर कापले गेले असेल, तर गाडीच्या मध्यभागाखाली तापलेल्या ऑइलचा वास येतो आणि डिझेलही नेहमीपेक्षा जास्त जळते.

यासारखी दिसणारी, पण वेगळी दुखणी आधी बाजूला काढावीत. वळताना फक्त ‘कट-कट’ असा नियमित आवाज येत असेल आणि गाडी अडत नसेल, तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) पाहावा. उभ्या गाडीतही स्टेअरिंग जड असेल, तर दोष पॉवर स्टेअरिंगचा आहे. गाडी सरळ रस्त्यावरही ओढत असेल आणि एकच चाक हात लावता येणार नाही इतके तापत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहिला आहे. मॉलच्या किंवा नव्या टॉवरच्या बेसमेंटमधील गुळगुळीत इपॉक्सी फरशीवर कोणत्याही गाडीचे टायर टू-एचमध्येही किंचाळतात, म्हणून त्या फरशीवर केलेली परीक्षा धरू नये. मागच्या डिफरन्शियलला (आसाच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाला) लॉकचे बटण असलेल्या गाडीत ते चुकून दाबले गेले असेल, तरीही वळणावर टायर घासतात. त्याचा दिवा वेगळा असतो, तो आधी पाहून घ्यावा.

नेमके काय घडते

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉनचे फोर बाय फोर मॉडेल, आणि पिकअप नसलेल्या थार व जिम्नीसुद्धा, या सर्वांच्या फोर बाय फोर मॉडेलांत पार्ट-टाइम पद्धतीची फोर-व्हील-ड्राइव्ह असते. फोर-एच लावला की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे आसांपर्यंत जोर नेणारे दांडे, एकमेकांना घट्ट जोडतो. त्या दोघांमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल या गाड्यांत नसतो. एक्सयूव्ही ७०० सारख्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांची रचना निराळी आहे, त्यांना पुढचे विवेचन लागू नाही.

वळणावर पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा नेहमी जास्त अंतर कापावे लागते. हा फरक किती असतो हे आकड्यांत पाहिले की गाडी का अडते ते लगेच कळते. दोन आसांमधील अंतर ३ मीटर धरू. पिकअपचे ते सहसा थोडे जास्तच असते. सोसायटीच्या रॅम्पवर मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर पुढच्या आसाचा मध्य सुमारे ५.८३ मीटर त्रिज्येवर फिरतो. काटकोनात एकदा वळले की मागचा आस ७.८५ मीटर जातो आणि पुढचा ९.१६ मीटर, म्हणजे १.३ मीटरचा फरक पडतो. पिकअपच्या टायरचा घेर २.४ मीटरच्या आसपास असतो, म्हणून पुढची चाके मागच्यांपेक्षा अर्ध्या फेऱ्याहून अधिक फिरायला हवीत. क्राऊन-पिनियनचे (शाफ्टचा फेरा चाकांकडे वळवणाऱ्या आसातील गिअरजोडीचे) प्रमाण साधारण चारास एक धरले तर पुढचा शाफ्ट मागच्यापेक्षा दोन फेरे जास्त फिरायला हवा. तो तर मागच्या शाफ्टला बांधलेला आहे. चिखलात, वाळूत किंवा खडीवर टायर हळूच घसरतो आणि हा हिशेब आपोआप मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो, त्यामुळे फरकाचा पीळ शाफ्ट, गिअर आणि टायरच्या भिंतींत साठत जातो आणि ताण फार झाला की टायर एकदम सुटतो. तोच तो धक्का.

महामार्गावर मात्र हीच गाडी गुपचूप चालते. २०० मीटर त्रिज्येच्या लांबलचक वळणावर पुढच्या आणि मागच्या आसाच्या मार्गांत नगण्य फरक पडतो. म्हणूनच मुरबाड किंवा शहापूरकडच्या चिखलातून निघालेली गाडी ठाण्यापर्यंत काही न जाणवता येते आणि घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकात पहिल्यांदा अडते. मालकाची समजूत होते की बिघाड फाटकातच झाला. वास्तविक नॉब कित्येक किलोमीटर मागेच फोर-एचवर राहून गेलेला असतो. पावसाळ्यात हा प्रकार वाढतो, आणि त्या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणणाऱ्या बऱ्याचशा पिकअप काहीही न उघडता परत जातात.

पहिली तपासणी: नॉब, लिव्हर आणि दिवा

याला काहीच खर्च नाही. चावी फिरवून इंजिन सुरू न करता डॅशबोर्ड पाहावा. चावी फिरवल्यावर फोर-व्हील-ड्राइव्हचा दिवा काही क्षण पेटून विझतो, ती त्याची स्वतःची चाचणी असते. तो अजिबात पेटलाच नाही, तर दिव्याच्या साक्षीवर विसंबू नये. नंतर नॉब कोणत्या खुणेवर आहे ते वाकून, नीट पाहावे. नॉब गिअरजवळ किंवा सेंटर कन्सोलवर असतो, तेथे पाण्याची बाटली, मोबाइलची वायर, गाडी धुणाऱ्या मुलाचे फडके आणि शेजारी बसलेल्या लहान मुलाचा हात सगळेच पोहोचतात. गाडी दोन-तीन चालक वापरत असतील, तर आदल्या चालकाला विचारावे. उलव्याच्या मुरुमाच्या रस्त्यांवर साइटचे सामान टाकून आलेली गाडी संध्याकाळी घरच्या माणसाच्या हाती येते, तेव्हा ही विचारपूस बहुधा राहूनच जाते.

पुढच्या चाकांच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) चाक शाफ्टला जोडण्यासाठी हाताने फिरवायची डायल असलेल्या जुन्या गाड्यांबाबत एक खुलासा करतो. हब लॉक असले आणि ट्रान्सफर केस टू-एचमध्ये असला, तर पीळ बसत नाही. पुढचा शाफ्ट उगाच फिरत राहतो, डिझेल थोडे वाया जाते, इतकेच. हब लॉक राहिले म्हणून गाडी अडते, असे कोणी सांगितल्यास दोष दुसरीकडे शोधावा.

दुसरी तपासणी: साठलेला पीळ सोडवणे

नॉब टू-एचवर आणूनही दिवा लुकलुकत राहिला, म्हणजे यंत्रणा बिघडलीच असे नव्हे. ट्रान्सफर केसमध्ये दोन्ही शाफ्टना जोडणारी दातेरी स्लीव्ह पिळाच्या दाबाखाली दातांत घट्ट बसलेली असते. नॉबच्या गाडीत ही स्लीव्ह हलवणारी मोटर आपले काम करते आणि एका स्प्रिंगला ताण देऊन ठेवते. दातांवरचा दाब शून्याजवळ आला की स्प्रिंग स्लीव्ह सरकवते आणि दिवा विझतो. लिव्हरच्या गाडीत हीच स्लीव्ह माणूस ओढत असतो, फरक इतकाच की माणसाला धीर नसतो आणि तो फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) वाकवून ठेवतो.

इंजिन बंद केल्याने, क्लच दाबल्याने किंवा न्यूट्रल केल्याने पीळ सुटत नाही, कारण तो इंजिन आणि चाके यांच्यात नसून पुढचा आस आणि मागचा आस यांच्यात अडकलेला असतो. रात्रभर उभ्या ठेवलेल्या गाडीतही तो सकाळी तितकाच सापडतो.

त्यासाठी गाडी रस्त्याच्या कडेला, मागे मोकळी जागा असेल तेथे आणावी. पूर्व द्रुतगती महामार्गावर, ठाणे-बेलापूर रोडवर किंवा उड्डाणपुलावर हा प्रयोग कदापि करू नये. तेथे सरळ पुढे जात राहावे आणि सर्व्हिस रोडला उतरावे, कारण सरळ चालण्याने आणखी पीळ फारसा वाढत नाही. जागा मिळाली की नॉब टू-एचवर ठेवून, स्टेअरिंग सरळ धरून, अगदी कमी वेगाने पाच-सहा मीटर मागे यावे, ॲक्सिलरेटर सोडावा आणि थांबावे. नंतर तितकेच पुढे जावे. पुढे जाणारा जोर मागे जाणाऱ्या जोरात बदलतो तेव्हा दातांवरचा भार मधल्या एका क्षणी शून्यातून जातो आणि स्लीव्ह तेवढ्यात निसटते. बहुतेक गाड्यांत याच टप्प्यावर खालून एक स्वच्छ ‘टक्’ ऐकू येते आणि दिवा विझतो.

सरळ मागे येऊन सुटले नाही, तर स्टेअरिंग थोडे कापून मागे यावे. येथे एक गैरसमज फार रूढ आहे: डावीकडे वळताना पीळ बसला असेल तर उजवीकडे वळून तो निघतो, असे पुष्कळ अनुभवी चालकही सांगतात. पुढे जाताना डावे-उजवे सारखेच असते, कारण दोन्ही वळणांत पुढची चाकेच जास्त अंतर कापतात आणि पिळात भरच पडते. मागे येताना मात्र पुढची चाके तेच जास्तीचे अंतर उलट दिशेने कापतात, म्हणून पीळ उतरतो. ज्या वळणावर गाडी अडली, त्याच वळणावर स्टेअरिंग तसेच ठेवून मागे येणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्यातही मर्यादा पाळावी. गरजेपेक्षा जास्त मागे आल्यास उलट बाजूचा पीळ भरतो.

खडी, माती किंवा गवताची पट्टी जवळ असेल तर दोन चाके तिच्यावर घेतल्यानेही काम होते, कारण तेथे टायर सहज घसरतो. पावसाने भिजलेले डांबर मात्र या कामी धरू नये. ते वरून ओले दिसले तरी टायरला त्याची पकड भरपूर असते, आणि ‘पाऊस पडतोय म्हणून फोर-एच लावला’ हे कारण याच समजुतीतून येते.

लिव्हरवर हातोडी मारणे, पाय लावून ढकलणे, किंवा गाडीला जोराचा पिक देऊन ‘सुटेल’ अशी वाट पाहणे पूर्ण टाळावे. पीळ बसलेल्या गाडीचे चाक जॅकवर उचलणे तर धोक्याचे आहे: चाक जमिनीवरून सुटताच साठलेला ताण त्याच चाकातून मोकळा होतो आणि ते झटक्याने फिरते. पंक्चरच्या दुकानात अशी गाडी नेण्याआधी पीळ काढूनच न्यावा.

तिसरी तपासणी: मोकळ्या जागेत वर्तुळ

दिवा विझल्यावर कोरड्या मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने, स्टेअरिंग पूर्ण कापून एक वर्तुळ डावीकडे आणि एक उजवीकडे घ्यावे. सुटी असलेली गाडी पाय काढल्यावरही आपल्या वेगाने पुढे सरकते आणि स्टेअरिंग नेहमीच्या सहजतेने परत येते. दिवा विझूनही अडखळणे तसेच राहिले, तर दोन शक्यता उरतात: दिवा दाखवतो ते खरे नाही, म्हणजे स्थिती सांगणारा सेन्सर किंवा स्विच बिघडला आहे, अथवा दोष फोर-व्हील-ड्राइव्हचा नसून वर सांगितलेल्या ब्रेकचा किंवा मागच्या लॉकचा आहे. या वर्तुळानंतर अर्ध्याहून जास्त प्रकरणे तेथेच संपतात आणि पुढे वाचण्याची गरज उरत नाही.

चौथी तपासणी: टायर

दोष पुन्हा पुन्हा येत असेल, म्हणजे खरोखरच्या चिखलात फोर-एच लावल्यावरही दर वेळी तो निघताना अडत असेल, तर गॅरेजमध्ये जाण्याआधी टायर पाहावेत. माझ्या मते या तपासणीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण टायर आणि ट्रान्सफर केस यांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

पुढची आणि मागची चाके वेगळ्या घेराची असतील, तर सरळ रस्त्यावरही पीळ भरत राहतो. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल धरली आणि निम्म्या झिजलेल्या टायरची ४, तर त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक पडतो. ३८० मिलिमीटर त्रिज्येच्या टायरवर हा जवळपास एक टक्का होतो. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दर किलोमीटरला तो १० मीटर होतो. न्हावा-शेवाकडे जाणाऱ्या अटल सेतूचे सुमारे २२ किलोमीटर अशा गाडीने फोर-एचमध्ये कापले, तर दोन आसांमधला २२० मीटरचा फरक टायरला रस्त्यावर घासूनच भागवावा लागतो. मागच्या दोन चाकांना नवे टायर घालून पुढचे जुनेच ठेवणे हा पैसे वाचवण्याचा सर्वमान्य मार्ग आहे, टू-एचपुरता तो चालूनही जातो. फोर-एच वापरणाऱ्याने चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि साधारण सारख्या झिजेचे ठेवावेत, आणि चारही चाके अधूनमधून आलटून-पालटून लावावीत. पंक्चरनंतर लावलेली स्टेपनी दुसऱ्या मापाची असेल, तर तेवढ्या काळात फोर-एच लावूच नये.

घेर मोजण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. आधी चारही चाकांतली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. मोजणी सकाळी, टायर थंड असताना करावी. सपाट जमिनीवर, गाडी टू-एचमध्ये ठेवून, एका पुढच्या आणि एका मागच्या टायरच्या तळाशी टायरवर आणि जमिनीवर एकाच रेषेत खडूने खूण करावी. गाडी हळू सरळ पुढे नेऊन टायरवरची खूण पुन्हा बरोबर तळाशी आली की जमिनीवर दुसरी खूण करावी आणि मधले अंतर टेपने मोजावे. पुढचे-मागचे अंतर २४ मिलिमीटरने चुकले, की २.४ मीटरच्या घेरावर तो आपला एक टक्का झाला. मागे माल भरलेला असेल तर तो उतरवूनच हे मोजावे.

पाचवी तपासणी: फ्यूज, कनेक्टर, व्हॅक्यूमची नळी

पीळ नसतानाही दिवा लुकलुकत असेल, तर वीज पाहावी. कमजोर बॅटरीवर मोटर अर्ध्यात थांबते. पुस्तिकेत दाखवलेला फ्यूज गाडी बंद करून काढून पाहावा आणि बदलायचा झाल्यास त्याच अँपिअरचा घालावा. ट्रान्सफर केसवरच्या मोटरचा कनेक्टर गाडीच्या पोटाखाली असतो, तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली की त्यात गढूळ पाणी शिरते आणि पितळी पिना हिरव्या पडतात. तो पुसून, सुकवून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुन्हा बसवणे हे घरी होण्यासारखे काम आहे, मात्र गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली शिरू नये. पिट किंवा रॅम्प मिळाला तरच करावे. काही गाड्यांत पुढचा आस व्हॅक्यूमने जोडला जातो, तेथे रबरी नळी तडकलेली किंवा निघालेली आहे का ते बघावे. आणि उंदीर. खाडीकाठच्या सोसायट्यांत, पार्किंगशेजारी कचऱ्याची कुंडी असेल तर विशेषच, वायरिंग कुरतडलेले सापडण्याचे प्रमाण बरेच आहे.

सहावी तपासणी: ऑइल

येथून पुढे हात काळे होतात आणि बहुतेकांनी हे काम पिट असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे, पण समोर उभे राहून पाहावे. ट्रान्सफर केसला दोन नट असतात, वरचा ऑइल भरण्याचा आणि खालचा काढण्याचा. वरचा आधी उघडतो याची खात्री करूनच खालचा उघडावा. वरचा जाम निघाला आणि खालून ऑइल वाहून गेले, तर गाडी जागेवरच अडकते.

खालच्या नटाला बहुधा लोहचुंबक असते. त्यावर बारीक राखाडी लेप चिकटलेला दिसतो, बोटांत चोळल्यावर तो काजळासारखा पसरतो आणि टोचत नाही. ही रोजची झीज आहे, तिची चिंता नको. त्याच लेपात चमकणारे कपचे, सुईसारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा मिळाला, तर गाडी तेथेच ठेवावी. ऑइल काळे पडून करपल्याचा वास येत असेल, तर ट्रान्सफर केस तापलेला होता. ऑइल दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेले आहे, आणि त्याची वाट ठरलेली आहे: चालून तापलेला ट्रान्सफर केस तुंबलेल्या थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या (आतली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या) नळीतून किंवा सीलजवळून पाणी आत ओढले जाते. अशा वेळी नुसते ऑइल बदलून थांबू नये, ब्रीदरची नळी मोकळी आहे का आणि तिचे टोक वरच आहे का तेही पाहून घ्यावे. नवे ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे ऑइलही त्याच वेळी तपासणे शहाणपणाचे ठरते.

पिटवर गाडी आहेच तर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) हाताने हलवून पाहावेत, सैल लागता कामा नयेत. जोराचे धक्के खाल्लेल्या गाडीत पहिला बळी बहुधा यांचाच जातो, आणि ट्रान्सफर केसच्या मानाने ही दुरुस्ती फारच स्वस्त आहे.

जुन्या पिकअपबाबत एक जास्तीची शंका

सेकंड-हँड घेतलेली गाडी टायर सारखे असूनही फोर-एचमध्ये चिखलातसुद्धा जड चालत असेल, तर आधीच्या मालकाने एका आसाचे हाऊसिंग भंगारातून आणून बदलले आहे का, याची चौकशी करावी. पुढच्या आणि मागच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण वेगळे असेल, तर ती गाडी फोर-एचमध्ये कधीच नीट चालणार नाही. बाहेरून हाऊसिंग सारखेच दिसते, दात मोजल्याशिवाय किंवा शाफ्टवर खूण करून फेरे मोजल्याशिवाय हे उमगत नाही. हे काम जाणकाराचेच आहे.

कोठे थांबावे

मागे-पुढे करून, स्टेअरिंग कापून आणि मातीवर नेऊनही फोर-एच सुटत नसेल, तर स्वतःचे प्रयत्न तेथेच थांबवावेत. खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, जमिनीवर ऑइलचे थेंब, गाडीच्या पोटातून धूर किंवा तीव्र वास, लिव्हर हलतो पण काहीच जोडले-सुटले जात नाही, चुंबकावर धातूचे कपचे: यांपैकी एकही गोष्ट आढळली तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नये. स्लीव्ह, फोर्क आणि चेन यांच्यासाठी ट्रान्सफर केस उतरवावा लागतो, आणि उतरवलेला केस योग्य हत्यारांशिवाय जुळवून बसवता येत नाही. स्कॅनर जोडून आधी एरर कोड वाचणाऱ्या कारागिराकडेच गाडी द्यावी. कोड न वाचता थेट मोटर बदलायला सांगणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

फोर-एचमध्ये अडकलेली गाडी ओढून न्यायची पद्धतही महत्त्वाची आहे. पुढची किंवा मागची दोनच चाके उचलून नेणारी क्रेन चालणार नाही, कारण जमिनीवरची चाके फिरली की शाफ्टमधून उचललेली चाकेही फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केसचा उरलासुरला भागही जातो. विम्याच्या रस्त्यावरील मदतीला फोन करतानाच ‘फोर-व्हील-ड्राइव्ह अडकली आहे, चारही चाके वर घेणारा फ्लॅटबेडच पाठवा’ असे सांगावे आणि दुसरे वाहन आल्यास गाडीला हात लावू देऊ नये.

किती नुकसान झाले असेल

सरळ महामार्गावर काही किलोमीटर फोर-एच राहिला आणि पहिल्या वळणावर लक्षात आले, तर सहसा काहीही बिघडलेले नसते. टायर किंचित घासलेले असतात. शहरातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर धक्के खात दिवसभर चालवली असेल, तर ट्रान्सफर केसचे ऑइल ठरलेल्या सर्व्हिसची वाट न पाहता लगेच बदलावे, क्रॉस आणि माउंटिंग पाहून घ्यावेत. फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाके जोडून हळू पण जास्त जोराने चालवणाऱ्या स्थितीत, डांबरावर वळणे घेतली असतील, तर तपासणी न करता पुढे चालवू नये. त्या गिअरमध्ये तोच जोर कितीतरी पटीने वाढून शाफ्टवर येतो. धोका केवळ यंत्राचाच नाही: जोडलेल्या आसांची गाडी तीव्र वळणावर चालकाच्या अपेक्षेपेक्षा बाहेरच्या बाजूला सरळ जाऊ पाहते, आणि मुंब्रा बायपाससारख्या रस्त्यावर शेजारून कंटेनर चालले असताना हे परवडणारे नाही.

हा प्रकार वारंवार होण्यामागे एक चांगला सल्लाही असतो. फोर-व्हील-ड्राइव्ह महिन्यातून थोडा वेळ लावावी, म्हणजे पुढच्या भागांत ऑइल फिरते आणि मोटर-फोर्क जाम होत नाहीत, असे काही कंपन्या पुस्तिकेत लिहितात आणि ते योग्यच आहे. मात्र नवी मुंबईतले मालक हा व्यायाम रविवारी सकाळी पाम बीच रोडवर उरकतात आणि शेवटी बेलापूरला यू-टर्न घेतात. सरळ पट्ट्यात जे निभावले ते त्या यू-टर्नला निभावत नाही. हा व्यायाम कच्च्या रस्त्यावर करावा, पुस्तिकेतील वेगमर्यादा पाळावी आणि डांबर लागण्याच्या आधी, मातीवर असतानाच नॉब टू-एचवर आणून दिवा विझल्याचे पाहूनच पुढे जावे. चालक बदलणाऱ्या गाडीत किल्ली हातात देताना डिझेल किती आहे हे सांगितले जाते, त्याच वाक्यात नॉब कोठे आहे तेही सांगायला लावावे.